वाल सोलता सोलता, दिडकी म्हणता म्हणता

गेल्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं, की तुमच्या घरात आजी-आजोबा आणि नातवंडं यांचं रोजचं नातं कसं चालतं आणि कुठे अडतं. पत्रं आली त्यातल्या बहुतेकांचा सूर एकच होता. माया दोन्हीकडे आहे, पण दोघं एकत्र बसले की करायचं काय, ते उमगत नाही. म्हणून इथल्या उत्तरांत ‘वेळ द्या’, ‘संवाद साधा’ असं काही सापडणार नाही. काय करायचं, किती घ्यायचं आणि कुठे बिघडतं, ते लिहिलं आहे.

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या, मुलगा ९ वर्षांचा. रोज संध्याकाळी अर्धा तास आम्ही त्याला ‘आजीजवळ बस’ म्हणून पाठवतो. त्या विचारतात, ‘आज शाळेत काय झालं रे?’ तो म्हणतो, ‘काही नाही.’ पुढे दोघंही गप्प. काय करावं? – एक आई, डोंबिवली

दोघांच्या हाताला काम नाही, हाच घोळ आहे. समोर बसवून प्रश्न विचारला की या वयाच्या मुलाला ती तोंडी परीक्षा वाटते. तेच मूल शेजारी बसून हाताने काहीतरी करत असलं, नजर कामावर असली, की आपणहून बोलायला लागतं. काम असं निवडा की दोघांनाही जमेल, बोलण्यासाठी थांबावं लागणार नाही आणि केलं नाही तर घराचं अडेल. ही शेवटची अट सोडू नका. लुटुपुटूचं काम मुलांना लगेच कळतं आणि वडीलधाऱ्यांना त्याहून आधी.

आमची पहिली शिफारस कडव्या वालांची. चौघांच्या उसळीला २०० ग्रॅम वाल पुरतात. शनिवारी सकाळी ते भरपूर पाण्यात भिजत घाला, आठ ते दहा तास. रात्री पाणी काढून टाका, ओलसर फडक्यात सैल बांधा आणि चाळणीत ठेवून वर झाकण घाला. उन्हाळ्यात रविवार सकाळपर्यंत मोड येतात. थंडीत चोवीस तासही लागतात, तेव्हा एक दिवस आधी सुरुवात करा. पाव इंच मोड पुरे. सोलायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात घालून ठेवा. कोमट म्हणजे बोट घालून आरामात ठेवता येईल इतकंच. मग साल सुटतं आणि चिमटीत दाबलं की डाळिंबी सुळकन बाहेर येते.

चुका ठरलेल्या असतात. पाणी कडकडीत घेतलं तर दाणा अर्धवट शिजतो आणि सोलताना दोन फाका होतात. मोड आले नसतील तर साल चिकटून बसतं, नखाने खरवडावं लागतं आणि मूल पाच मिनिटांत उठून जातं. दोन दिवसांहून जास्त बांधून ठेवले तर वाल बुळबुळीत होतात, आंबूस वास येतो. पहिल्याच रविवारी असं झालं तर दुसरा रविवार उगवणार नाही, म्हणून पहिल्यांदा भिजवणं-बांधणं सासूबाईंच्याच हाती असू द्या. वाल फडक्यात बांधायची गाठ मुलाने मारावी. सकाळी उठल्यावर मोड बघायला तोच आधी धावेल.

बसायची जागाही नीट ठरवा. सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसेल तर दोघंही जेवणाच्या टेबलाशी बसू देत. आजी खुर्चीत आणि नातू जमिनीवर असं नको, वाडगं एकाच उंचीवर हवं, नाहीतर एकाचीच मान दुखते. समोरासमोर बसवू नका, शेजारी किंवा काटकोनात बसवा. दाण्यांसाठी एक वाडगं, सालांसाठी एक. टीव्ही बंद. आणि तुम्ही स्वतः त्या खोलीतून बाहेर पडा. आई जवळ घोटाळत असली की मूल आईशीच बोलतं आणि आजी मधल्या मध्ये राहते.

दोघांचे हात लागले तर ही सोलणी साधारण अर्ध्या-पाऊण तासात होते. पहिले दोन-तीन रविवार ते मुकाट सोलत बसतील, तसं बसू द्या. बोलणं सुरू होतं ते शाळेवरून होत नाही. ‘आजी, हा दाणा बघ, जुळा आहे’ असल्या गोष्टीवरून होतं. सासूबाईंनी ‘तुकडे करू नकोस’, ‘नखं लावू नकोस’ असं दर मिनिटाला सांगू नये. शंभर दाण्यांत दहा मोडले तरी उसळ तीच होते.

उसळ त्याच दिवशी करा. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, त्यावर डाळिंब्या, झाकणात पाणी ठेवून मंद आचेवर. कुकर नको, गाळ होतो. आमसूल डाळिंब्या मऊ झाल्यावरच घाला, कारण आंबटाने दाणा आखडतो आणि मग कितीही शिजवा, टणकच राहतो. गूळ, गोडा मसाला आणि ओलं खोबरं शेवटी. पानात वाढताना ‘आज कुणी सोललेत?’ एवढं सगळ्यांदेखत विचारा.

वाल आवडत नसतील तर थंडीत मटार आहेत (किलोभर शेंगांतून जेमतेम अर्धा किलो दाणे निघतात, त्यामुळे काम पुरतं), गवार मोडणं आहे, मेथी निवडणं आहे. लसूण सोलायचा असेल तर पाकळ्या अर्धा तास पाण्यात घालून ठेवा, सालं पटापट निघतात आणि मुलाच्या बोटांची आग होत नाही. आठवड्यातून दोनच दिवस, पण वार ठरलेले असू द्या.

प्रश्न : सासूबाईंच्या हातचा गोडा मसाला मला लिहून घ्यायचा आहे. ‘किती घेता?’ विचारलं की त्या म्हणतात, ‘अगं, अंदाजाने!’ पुन्हा विचारलं तर त्यांना वाटतं मी परीक्षा घेते आहे. – एक सून, नाशिक

त्या टाळत नाहीत. त्यांना ग्रॅममध्ये खरोखरच ठाऊक नसतं, त्यांच्या मुठीला आणि नाकाला ठाऊक असतं. त्यांना विचारणं सोडा आणि काट्याला विचारा.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. जिन्नस ज्या पुडीत किंवा डब्यात आहे तो डबा आधी वजन करा. सासूबाई नेहमीसारखं हाताने काढून घेतील. मग डबा पुन्हा काट्यावर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्यांचा अंदाज. त्यांचा हात कुठेही अडवायचा नाही, ‘थांबा’ म्हणायचं नाही. काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचं आणि वहीत लिहायचं काम नातवंडाला द्या. घरातल्या तीन बायका-मुलांना तीन वेगळी कामं मिळाली की परीक्षेचा वास जातो.

नागकेशरासारखे अगदी थोडे लागणारे जिन्नस एक ग्रॅमच्या काट्यावर नीट कळत नाहीत, ते सपाट चमच्याने मोजा.

तुमच्या वहीत येणारे आकडे साधारण किती असावेत याची कल्पना यावी म्हणून एक प्रमाण देतो. घरोघर ते बदलतं. धणे अर्धा किलो, सुकं खोबरं पाव किलो, तीळ १२५ ग्रॅम, जिरे ५० ग्रॅम, दगडफूल २५ ग्रॅम, शहाजिरे, दालचिनी, लवंग, तमालपत्र आणि मसाला वेलची प्रत्येकी १० ग्रॅम, नागकेशर ५ ग्रॅम, हिंग आणि हळद प्रत्येकी १० ग्रॅम. कुणी सुक्या मिरच्या घालतं, कुणी तिखट आयत्या वेळी वेगळं घालतं. सासूबाईंचे आकडे याहून निराळे निघाले तर ते चुकलेत असं समजू नका, त्या फरकातच त्या घराची चव आहे.

वजनांपेक्षा मोलाचा आहे वहीतला पुढचा रकाना. प्रत्येक जिन्नस कधी उतरवला ते तिथे लिहा. धणे दाताखाली कुरकुरले की झाले. तीळ तडतडायचे थांबत आले की. खोबरं सोनेरीवर थांबवायचं नाही, चांगलं तपकिरी होऊ द्यायचं, कारण मसाल्याचा काळसर रंग मुख्यतः त्यातून येतो. सगळं वेगवेगळं भाजायचं. धण्यांना जितका वेळ लागतो तितक्यात तमालपत्र जळून कडू होतं.

दोन ठिकाणी हमखास बिघडतं. भाजलेलं गरम असतानाच दळलं तर वाफ कोंडते, गुठळ्या होतात आणि महिन्याभरात बुरशी धरते. पूर्ण गार करा, दोन तास तरी. तीळ आणि खोबरं एकटंच मिक्सरमधून फिरवलं तर तेल सुटून लगदा होतो. ते दळलेल्या धण्यांबरोबर, थांबत थांबत फिरवा.

पुढच्या वेळी उलटं करा. वही बघून तुम्ही मसाला करा, सासूबाई खुर्चीत बसून बघतील. त्या जिथे ‘अजून थोडं’ म्हणतील तिथे दुसऱ्या रंगाच्या पेनाने दुरुस्ती करा. तीन वेळा असं झालं की ती वही पक्की. आणि भाजताना एक प्रश्न जरूर विचारा : हा मसाला तुमच्या माहेरचा की सासरचा? ‘किती घेता?’ला दोन शब्दांत उत्तर देणाऱ्या सासूबाई या प्रश्नावर खोबरं गार होईपर्यंत बोलतील. नातवंडाने ते सगळं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यावं, गावाच्या आणि माणसांच्या नावांसकट.

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. चौथीतल्या नातीला पावकी, निमकी, दिडकी शिकवतो म्हणतात. शाळेत तर हे नाही. तिचा गोंधळ उडेल का? त्यातून ते ‘एकवीस’ म्हणतात आणि ती ‘वीस एक’. – एक वडील, सातारा

गोंधळ उडणार नाही, उलट अपूर्णांक सोपे जातील. शाळेत ज्याला एक चतुर्थांश म्हणतात तोच घरातला पाव. ज्यांना हे पाढे ऐकूनच माहीत आहेत त्यांच्यासाठी सांगतो : पावकी पावाची, निमकी अर्ध्याची, पाऊणकी पाऊणची, सवायकी सव्वाची, दिडकी दीडची, अडीचकी अडीचची आणि औटकी साडेतीनची. म्हणजे दिडकीत आठावर बारा येतात, अडीचकीत चौदावर पस्तीस, औटकीत बारावर बेचाळीस. म्हणायची चाल गावागावाला वेगळी असते. आजोबांना जी येते तीच ठेवा, पुस्तकातून ‘शुद्ध’ चाल आणू नका.

क्रम मात्र आजोबांनी बदलावा. आधी निमकी, मग पावकी, मग दिडकी. पाऊणकी आणि औटकी शेवटी. एका आठवड्यात एकच पाढा, तोही एक ते दहापर्यंत. पूर्वी दिवेलागणीला शुभंकरोति झाल्यावर पर्वचा म्हणायचे. त्यात पाढे, वार, महिने, तिथी, नक्षत्रं सगळं यायचं. आज एवढं लांबवलं तर चौथ्या दिवशी मुलगी पळेल. दिवा लागला की पाच मिनिटं, घड्याळ लावून. एक ओळ आजोबांची, पुढची नातीची, आलटून पालटून. दुसऱ्या फेरीला सुरुवात नातीने करायची, म्हणजे दोघांच्याही वाट्याला सगळ्या ओळी येतात. चूक झाली तर मध्ये थांबवायचं नाही. पाढा संपवून चुकलेली ओळ दोघांनी एकत्र म्हणायची. औटकीत आजोबाही कुठेतरी अडखळतील. तेव्हा नातीला त्यांची चूक काढू द्या आणि आजोबांनी ती मानावी. पाढे लगोलग पाठ व्हायला लागतात ते तिथून पुढे.

पाढा संध्याकाळी म्हटला आणि वापरला कुठेच नाही तर तो टिकत नाही. शनिवारी दोघांना भाजी आणायला पाठवा. वांगी ४८ रुपये किलो, घ्यायची दीड किलो : अठ्ठेचाळीस आणि त्याचे निम्मे चोवीस, बहात्तर. कांदे ३६ रुपये, सव्वा किलो : पंचेचाळीस. टोमॅटो ६० रुपये, पाऊण किलो : पंचेचाळीस. भाजीवालीने आकडा सांगायच्या आत नातीने सांगायचा, एवढाच नियम. आजोबांनी ओठ मिटून ठेवायचे, हे त्यांना जड जाईल. मोबाईलचा कॅल्क्युलेटर पिशवीतच.

आता ‘एकवीस’ आणि ‘वीस एक’. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या अशा फोडून म्हणायची पद्धत आली तेव्हा घरोघरी आजी-आजोबा नाराज झाले होते. तिच्यामागचं कारण आजोबांना समजावून सांगा. मराठीत एकक आधी बोलला जातो आणि लिहिताना दशक आधी येतो. ‘एकवीस’ ऐकून मूल आधी एक लिहितं आणि १२ होऊन बसतात. म्हणून आजोबांनी संख्या म्हणावी ‘पंचाहत्तर’ आणि नातीने उत्तर द्यावं ‘सत्तर पाच’, मग पुढच्या दिवशी उलट. तिला ‘एकोण’ म्हणजे एक कमी हेही आजोबांनीच सांगावं : एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी, एकोणनव्वद म्हणजे नव्वदला एक कमी. आणि मग तिला विचारावं, नव्व्याण्णवला हा नियम का लागत नाही? यावर दोघांची एक अख्खी संध्याकाळ जाते.

प्रश्न : मी ६८ वर्षांची. नात अकरा वर्षांची, तिला मोबाईलमधलं सगळं येतं. माझ्याकडचं तिला काहीच लागत नाही. – एक आजी, इचलकरंजी

स्वयंपाकघरातली भिंतीवरची दिनदर्शिका तिच्या ताब्यात द्या. १९७३ पासून ‘कालनिर्णय’ निघतं, तेव्हापासून कितीतरी मराठी घरांत दुधाचा हिशेब तारखेच्या चौकटीत लिहिला जातो. तो रोज नातीने लिहायचा, महिनाअखेर तुम्ही दोघींनी मांडायचा. तीस दिवसांत चार खाडे, रोज दीड लिटर : दीड सव्वीस एकोणचाळीस लिटर. साठ रुपयांनी दोन हजार तीनशे चाळीस. दूध घालणाऱ्याचा हिशेब आणि तुमचा जुळला नाही तर बोलायला नातीला पुढे करा.

त्याच पानावर तिथ्या असतात. घरातल्या प्रत्येकाचा तिथीने वाढदिवस कधी ते तुम्ही सांगायचं आणि तिने लाल पेनाने खूण करायची. तिला हेही सांगा, की तिथी आणि तारीख साधारण दर एकोणीस वर्षांनी पुन्हा एकत्र येतात, एखाद्या दिवसाचा फरक पडतो. घरात कुणी एकोणीस किंवा अडतीस वर्षांचं होत असेल तर तिला लगेच पडताळून बघता येईल.

आणि तुम्ही तिच्याकडून शिका. एका वेळी एकच गोष्ट : फोटो पाठवणं, विजेचं बिल बघणं, काहीही. अट अशी, की फोन तुमच्याच हातात राहील, तिने फक्त तोंडाने सांगायचं. मुलं फोन हिसकावून पटकन करून देतात आणि आपल्याला काहीच येत नाही. पायऱ्या तिच्याकडून वहीत मोठ्या अक्षरात लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी विसरलात तर वही उघडायची, तिला हाक मारायची नाही. म्हणजे तिला कंटाळा येत नाही आणि तुम्हाला ओशाळं वाटत नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, आई-बाबा सांगलीत. दर आठवड्याला व्हिडिओ कॉल होतो. सहा वर्षांचा मुलगा ‘हाय आजी, हाय आजोबा’ म्हणून पळतो. पुढे चाळीस मिनिटं आम्हीच बोलतो. – एक मुलगी

तो कॉल तुमचा आहे. मुलाचा वेगळा करा, दहा मिनिटांचा, आणि तुमच्या गप्पांच्या आधी. शनिवारी तुमच्याकडे सकाळी नऊ ही वेळ चांगली. सांगलीत उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा होतात, हिवाळ्यात साडेसात. तुमच्याकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, ते आठवडाभर आधी कळवा. नाहीतर आजोबा तासभर फोनसमोर बसून राहतात आणि जेवणाची, गोळ्यांची वेळ टळते.

सांगलीच्या बाजूला फोन हातात धरायचा नाही. दोन डब्यांना टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा. खिडकी किंवा दिवा पाठीमागे असला तर तोंडं काळी दिसतात, उजेड समोरून हवा.

मग दोन्हीकडे एकच काम. आम्ही मेथी सुचवतो. दोन चमचे मेथीदाणे रात्रभर भिजवायचे, तीन इंच खोलीच्या पसरट ट्रेमध्ये माती घालून वर पेरायचे आणि अर्धा सेंटिमीटर मातीने झाकायचे. दोन्ही घरांत एकाच शनिवारी. तीन ते पाच दिवसांत कोंब येतात, तीन आठवड्यांत खुडण्याजोगी पानं. थंडीत तुमच्याकडे खिडकीतही ती सावकाश वाढेल आणि आजोबांची पुढे जाईल. दर शनिवारी दोघांनी पट्टीने उंची मोजून सांगायची आणि कागदावर लिहायची. रोज पाणी ओतून मुलं रोपं कुजवतात. आजोबांनीच सांगावं की बोट घालून माती कोरडी लागली तरच पाणी. आलेल्या मेथीचं दोन्हीकडे काहीतरी करून एकाच शनिवारी खायचं.

एक मोठी चूक पुष्कळ घरांत होते : फोनवर एकत्र आरती किंवा गाणं म्हणणं. आवाज थोडा उशिरा पोहोचतो, त्यामुळे दोघांचं कधीच जुळत नाही आणि दोन्हीकडे हिरमोड होतो. एक ओळ इकडची, एक तिकडची असं म्हणा, सुरेख जमतं. नाव-गाव-फळ-फूलही छान होतं. अक्षर आजीने द्यायचं.

आई-बाबांना तीन वाक्यं टाळायला सांगा : ‘मला ओळखलंस का?’, ‘आमच्याशी बोलत का नाहीस?’ आणि ‘मराठीत सांग बघू.’ तो इंग्रजीत म्हणाला तर आजीने तेच मराठीत सहज म्हणून पुढे जावं : ‘हो का, पान पिवळं पडलं?’ पुढच्या आठवड्यात तो ‘पिवळं’ म्हणतो.

प्रश्न : सासरे ८० वर्षांचे, ऐकू कमी येतं. माझी मुलगी दोनदा सांगून कंटाळते आणि ‘जाऊ दे’ म्हणून निघून जाते. – ठाणे

‘जाऊ दे’ हा शब्द त्यांना बरोबर ऐकू येतो, म्हणून तो आधी घरातून काढा. वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. लहान मुलीचा आवाज नेमका त्याच पट्टीतला. स, श, फ, थ ही अक्षरंही गळतात, त्यामुळे आवाज पोहोचतो पण शब्द लागत नाही. ओरडल्याने आवाज आणखी चढतो आणि आणखी अस्पष्ट होतो.

मुलीला शिकवा : आधी ‘आजोबा’ अशी हाक, त्यांनी बघितलं की मग बोलणं. त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर, तोंडावर उजेड पडेल असं. मिक्सर, टीव्ही बंद. आवाज थोडा खाली उतरवून, सावकाश. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा नको, शब्द बदलायचे. ‘सहल’ कळलं नाही तर ‘शाळेतून फिरायला नेणार’. आजोबांनीही नुसतं ‘हं हं’ करू नये, कळलं तेवढं परत म्हणून दाखवावं.

कान-नाक-घसा तज्ज्ञांना मात्र दाखवा. कधीकधी नुसता मळ साठलेला असतो. श्रवणयंत्र दिलं तर पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा आवाज नको होतो आणि ते कपाटात जातं. रोज थोडा वेळ, शांत खोलीत, नातीबरोबर घालायची सवय लावली तर टिकतं. यंत्राची बॅटरी तपासणं हे तिचं काम.

प्रश्न : तिन्ही पिढ्यांना खेळता येईल असा पत्त्यांचा डाव कोणता? – एक वाचक, रत्नागिरी

पाच वर्षांच्या आसपासचं मूल असेल तर बदाम सात. आकड्यांचा क्रम आला की झालं. दहाच्या पुढच्या मुलांना पाच-तीन-दोन शिकवा, बरोबर तिघं लागतात. एक्का, राजा, राणी, गुलाम, दहा, नऊ, आठ हे सगळे पत्ते आणि इस्पिक-बदामाची सत्ती असे तीस पत्ते, प्रत्येकाला दहा. बहुतेक घरांत वाटणाऱ्याला दोन हात करायचे असतात. पाच करणाऱ्याने पहिले पाच पत्ते बघून हुकूम सांगायचा. दर डावाला पाच, तीन, दोन फिरत जातात, त्यामुळे अवघड डाव आजोबांच्याही वाट्याला येतो आणि नातवाच्याही.

नातवंडाला मुद्दाम जिंकू देऊ नका, त्याला ते कळतं आणि खेळातला जीव जातो. नजर कमजोर असेल तर मोठ्या आकड्यांचे पत्ते मिळतात, ते घ्या. बोटं आखडत असतील तर एक लांबट लाकडी पट्टी खाच पाडून द्या, त्यात पत्ते उभे राहतात. ज्याचे हात कमी पडले त्याचा पत्ता पुढच्या डावात जास्त हात करणारा न बघता ओढतो आणि आपला नको असलेला त्याला देतो. रात्री खेळ थांबवताना कुणाचे किती हात बाकी आहेत ते पत्त्यांच्या डबीवर चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा. पुढच्या रविवारी डाव तिथूनच सुरू करायचा.